प्लॅटिनमची वाटी

ही वही कोणाच्या हाती लागली तर आधीच माफी मागते. ऱ्हस्व-दीर्घ मला नीट कळत नाही. जोडाक्षर आलं की हात अडखळतो. अक्षराचं तर विचारूच नका. माझी मुलगी म्हणते, "आई, तुझं लिहिणं म्हणजे शाईत पडलेल्या मुंग्या कागदावर चालत गेल्यासारखं." चौथीपर्यंत शिकले, पुढे शाळा सुटली. तिची एक अर्धी कोरी वही मागून घेतली आणि तिला सांगितलं की किराण्याचं लिहायला पाहिजे. खरं कारण सांगितलं नाही. चार माणसांत मला बोलता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

तळोज्याच्या एका लहान कंपनीत मी काचेची भांडी धुवायला होते. आमच्या ओवे गावातून चालत रस्त्यावर यायचं आणि तिथून शेअर रिक्षा धरायची. पुढे दोन शेड होत्या आणि मागच्या बाजूला तीन खोल्यांची लॅब. कामाला लागले तेव्हा वाटलं, इथे औषधं बनत असतील. औषधं नव्हती. भाताच्या गिरण्यांत तूस जाळतात, त्याची राख पोत्यांनी यायची आणि त्या राखेतून पांढरी पावडर काढायचं काम चालायचं.

हे मला समजावून सांगितलं ते लॅबच्या मॅडमनी. तिशीच्या असतील. साताऱ्याकडच्या होत्या आणि करंजाड्याला एका खोलीत भाड्याने राहायच्या. मला मावशी म्हणायच्या. इतर लोक मला "ए" म्हणायचे किंवा काहीच म्हणायचे नाहीत, नुसता बोटाने बेसिनकडे इशारा करायचे. मॅडम काम करता करता बोलायच्या. मी उत्तर देत नसे, तरी बोलायच्या.

एकदा त्यांनी विचारलं, "मावशी, तुमच्याकडे दात कशाने घासतात?"

"आता पेस्ट हाय. पण सासू अजून राखुंडीच लावते. तुसाची राख."

त्या एवढ्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. "मग मी इथे वर्षभर काय करतेय? हीच राख धुऊन, शिजवून, गाळून आम्ही पेस्टवाल्यांना विकणार. तुमच्या सासूबाईंना आधीच माहीत आहे सगळं!"

मग त्यांनी सांगितलं की भाताचं रोप मातीतून सिलिका ओढून घेतं आणि तुसात साठवतं. तूस जळून जातं, सिलिका जळत नाही. वाळूत असते तीच, काचेत असते तीच. बुटांच्या खोक्यात ओल लागू नये म्हणून पुडी टाकतात, त्या पुडीतही तीच. राख कॉस्टिक सोड्यात शिजवली की पाकासारखं दाट पाणी होतं, त्याला त्या काचेचं पाणी म्हणायच्या. त्यात अ‍ॅसिड घातलं की ते खरवसासारखं थिजायचं. ते धुवायचं, वाळवायचं, दळायचं. एवढ्याचसाठी त्या सकाळी आठपासून संध्याकाळपर्यंत उभ्या असायच्या. कधी थिजायचं नाही, कधी पावडर पिवळट यायची. मग परत पहिल्यापासून.

एक दिवस त्यांनी काचेच्या बरणीत ते पाणी भरून त्यात निळे आणि हिरवे खडे सोडले. जेवणाच्या सुट्टीपर्यंत खड्यांना फांद्या फुटल्या होत्या. खाडीच्या तळाशी झाडं असावीत तशी. बरणी त्यांनी खिडकीत ठेवली आणि म्हणाल्या, "हिला हलवू नका हं, मोडेल."

आता वाटीचं सांगते.

पावडर किती शुद्ध झाली ते बघायला एक लहानशी वाटी होती. अंगठ्याएवढी उंच, पातळ, करड्या रंगाची. मला ती अ‍ॅल्युमिनियमची वाटली. मॅडम तिच्यात चिमूटभर पावडर घालून भट्टीत ठेवायच्या. वाटी लाल होऊन बाहेर यायची. गार झाली की काट्यावर वजन करायचं. मग जाड हातमोजे घालून प्लॅस्टिकच्या बाटलीतलं अ‍ॅसिड त्यात ओतायचं. ते अ‍ॅसिड काच खातं, म्हणून काचेच्या बाटलीत राहत नाही. मी दूर उभी राहून बघायची. वाटी तापवली की धूर निघायचा आणि आतली पांढरी पावडर हळूहळू नाहीशी व्हायची. तळ दिसायला लागायचा. जळून गेली असंही म्हणता येत नव्हतं, कारण मागे काही उरतच नव्हतं.

"गेली कुठे?" मी एकदा विचारलं. आपणहून विचारलेला तो माझा पहिला प्रश्न असेल.

"हवेत, मावशी. आधीचं वजन आणि नंतरचं वजन यांतला फरक म्हणजे सिलिका. जे गेलं ते किती होतं, एवढंच आपण मोजतो."

ती वाटी मॅडम स्वतःच साफ करायच्या, तसा नियमच होता. पण त्या वर्षी एका मोठ्या गिऱ्हाइकाला नमुने द्यायचे होते आणि कामाला अंत नव्हता. एक दिवस वाटी माझ्या हातात देऊन त्या म्हणाल्या, "मावशी, ही अ‍ॅसिडमध्ये उकळून काढलीय. तुम्ही फक्त चांगली विसळून द्या. फार महाग आहे हं, जपून." आणि फोन वाजला म्हणून गेल्या.

वाटी आतून काळपट होती. बेसिनपाशी उभी राहून मी तिच्याकडे बघत राहिले. आमच्याकडे शेजारणीचं पातेलं आणलं तर ते आपण आणलं त्याहून लख्ख करून परत द्यायचं असतं. काळं भांडं परत गेलं तर वर्षभर बोलणी बसतात. लग्नाच्या घरची भांडी घासायला बसलं तरी म्हाताऱ्या मागून येऊन बोट फिरवून बघतात. हे मी आठ वर्षांची होते तेव्हापासून माझ्या हातात आहे. आणि ही तर मॅडमची वाटी. महाग आहे म्हणाल्या, म्हणून मी जास्तच मनावर घेतलं.

कोपऱ्यात राखेचं पोतं फुटून थोडी राख सांडलेली होती. चिमूटभर घेतली, ओल्या बोटाने वाटीच्या आत फिरवली. खरखर आवाज आला. दोन मिनिटांत वाटी चांदीसारखी झाली. मॅडमनी बघितली आणि म्हणाल्या, "अरे वा! कशी लख्ख केलीत!" मला एवढा आनंद झाला की घरी जाताना रिक्षात मी एकटीच हसत होते.

त्यानंतर जवळजवळ तीन महिने रोज मीच ती वाटी घासत होते.

नमुन्यांचे आकडे चांगले येऊ लागले. कंपनीचे साहेब खूश झाले, पेढे वाटले. मलाही एक मिळाला. मग गिऱ्हाइकाने आपल्या लॅबमध्ये तीच पावडर तपासली आणि त्यांचा आकडा बराच खाली आला. साहेब दार न वाजवता लॅबमध्ये शिरले. मी बेसिनपाशी होते, मला बाहेर जा असंही कोणी म्हटलं नाही. मी तिथे आहे हे कोणाच्या लक्षातच नव्हतं.

"आकडे फुगवलेत तुम्ही," साहेब म्हणाले.

"सर, मी एकही आकडा मनाने लिहिलेला नाही."

"मग त्यांची लॅब खोटी? एवढी मोठी कंपनी खोटी आणि तुम्ही खऱ्या?"

साहेब गेल्यावर मॅडमनी वाटीत काहीही न घालता सगळं पुन्हा केलं. रिकामी वाटी भट्टीत, काट्यावर, मग अ‍ॅसिड, परत काट्यावर. काट्याच्या खोलीतून त्यांचा आवाज आला, "रिकाम्या वाटीतूनही जातंय काहीतरी. रिकाम्यात सिलिका आली कुठून?"

माझ्या हातात एक काचेचं नळकांडं होतं, ते हातातच राहिलं. मला कळलं. त्यांनीच मला शिकवलं होतं ना, राख म्हणजे काय ते. मी ज्याने घासत होते तेच त्या मोजत होत्या. राखेने वाटीच्या आत चरे पडले होते आणि चऱ्यांत राख बसत होती.

त्या भिंग घेऊन बाहेर आल्या. वाटी उजेडाकडे धरली आणि बराच वेळ आत बघत राहिल्या. मग अगदी हळू विचारलं, "मावशी, ही तुम्ही कशाने घासता?"

"पान्याने," मी म्हणाले. "नुसत्या पान्याने, मॅडम."

"दुसरं काही नाही?"

"नाय."

त्या माझ्याकडे बघत होत्या, म्हणजे चेहऱ्याकडे नाही, हातांकडे. मग "बरं" म्हणाल्या.

पुढचे दोन दिवस त्या माझ्याशी पूर्वीसारख्याच बोलल्या. जेवताना डबा पुढे केला. दोनदा तर काम टाकून बेसिनपाशी येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता सांगावं. तोंडात शब्द तयार होता. पण नोकरी जाईल, मुलीची फी राहील आणि घरी सासू काय म्हणेल, हे डोक्यात आलं आणि मी पुढचं भांडं विसळायला घेतलं. तिसऱ्या दिवशी साहेबांनी वाटी काट्यावर ठेवायला लावली. रजिस्टरमध्ये तिचं जुनं वजन होतं आणि खाली मॅडमची सही. वजन कमी भरलं. तेव्हा मला समजलं की ती प्लॅटिनमची आहे, सोन्यासारखी तोलून घेतात. झिजलेला धातू आणि वाटी नवीन घडवायची मजुरी मिळून एकोणीस हजार दोनशे रुपये मॅडमच्या शेवटच्या पगारातून कापले. शेवटच्या म्हणजे त्यांना राजीनामा द्यायला लावला. कागदावर साधा राजीनामा होता, पण कंपनीत सगळ्यांना माहीत होतं की आकडे फुगवले म्हणून काढलं.

जाताना त्या मला म्हणाल्या, "मुलीला शाळेतून काढू नका, मावशी."

त्या गेल्या आणि त्यानंतरच त्या जास्त दिसायला लागल्या. त्यांचा पांढरा कोट खुंटीवर तसाच होता. पंखा लागला की बाही हलायची. काट्याच्या खोलीत फरशी पुसायला जायची मला भीती वाटायची. तो काटा इतका नाजूक की माणूस जवळ आलं तरी कळतं. मी आत गेले की रिकाम्या काट्यावरचे आकडे हलायला लागायचे. मी थांबले की थांबायचे, पाऊल टाकलं की पुन्हा हलायचे. मॅडमच्या जागी आलेल्या नव्या साहेबांनी सांगितलं की श्वासाने होतं, जमिनीच्या हादऱ्याने होतं. ते मॅडमनीही सांगितलं होतं. पण भर दुपारी, चारी बाजूंनी काच, आणि काहीच ठेवलेलं नसताना तो काटा काहीतरी तोलतोय, हे बघून मी फरशी अर्धीच पुसून बाहेर यायची.

खिडकीतली बरणी कोणी फेकली नाही. आतली निळी-हिरवी झाडं हळूहळू पांढुरकी झाली आणि एकेक फांदी तळाला पडली. मी तिच्या भोवतीची धूळ पुसायची, बरणीला हात लावत नव्हते. शेवटी नव्या साहेबांनी ओतून टाकायला सांगितलं. ओतली, धुतली, पण काचेवर आतून पांढरा पडदा बसला होता तो काही निघेना. साबण झाला, अ‍ॅसिड झालं. बरणी फुटक्या काचेच्या ढिगात गेली. तिथूनही ती मला येता-जाता दिसायची.

घरी सासू अंगणात राखेने पातेलं घासायला बसली की त्या खरखरीने माझे दात शिवशिवायचे. एकदा मी तिच्या हातातून पातेलं ओढूनच घेतलं.

"काय गं, भूत बघितलंस काय?" ती म्हणाली. "का आता कंपनीवाली झालीस, राखेची लाज वाटते?"

"नाय. आवाज नको."

"आवाज नको! मग भांडी काय मनात घासू?"

करंजाड्याला जायचं मी टाळायला लागले. मॅडम तिथेच राहतात की गावी गेल्या, मला ठाऊक नव्हतं. पण त्या बाजूच्या प्रत्येक इमारतीच्या प्रत्येक गॅलरीत त्याच उभ्या आहेत असं वाटायचं. मुलीच्या मैत्रिणीच्या भावाचं बारसं होतं तिकडे, तरी डोकं दुखतंय म्हणून गेले नाही. पाठमोरी चष्मेवाली बाई दिसली की रस्ता बदलायचा. अशी चार वर्षं गेली.

मग पनवेलच्या भाजी बाजारात मी वांगी निवडत होते आणि मागून कोणीतरी म्हणालं, "मावशी?"

ह्या वेळी खरोखर त्या होत्या. केस थोडे पांढरे झालेले, हातात पिशवी. म्हणाल्या, "मुलगी कितवीत आहे?" मी म्हणाले, "दहावीत." त्यांना एवढा आनंद झाला की भाजीवाल्यालाच सांगू लागल्या, "यांची मुलगी दहावीत आहे!" तो म्हणाला, "मग पेढे आना, वांगी काय घेताय?" त्या हसल्या. मला मात्र वांग्याचे पैसे द्यायचंही सुचेना. त्या घरी शिकवण्या घेत होत्या, लॅबची नोकरी पुन्हा मिळाली नव्हती. जिथे जातील तिथून जुन्या कंपनीत फोन जायचा, आणि फोननंतर बोलावणं यायचं नाही. हे त्यांनी पालेभाजी निवडता निवडता सांगितलं, आजचा भाव सांगावा तसं. रविवारी घरी या म्हणाल्या आणि इमारतीचं नाव सांगितलं.

रविवारी गेले. दारातच, चप्पल काढायच्या आधी मी बोलले, कारण आत बसले असते तर जमलं नसतं. "मॅडम, वाटी मी राखेने घासत होते. तुमी विचारलं तवा मी खोटं बोलले."

त्या दाराला धरून उभ्या होत्या. "माहीत आहे," म्हणाल्या. "तुमच्या नखांत राख होती."

"मग बोललात का नाय?"

"दोन दिवस वाट बघितली, तुम्ही सांगाल म्हणून. मी सांगितलं असतं तर साहेब म्हणाले असते, भांडी धुणाऱ्या बाईवर ढकलते. आणि ती वाटी मी तुमच्या हातात द्यायलाच नको होती. नियम मी मोडला." मग म्हणाल्या, "पण राग नव्हता असं समजू नका. खूप होता. अजून आहे."

मी म्हणाले, "पैसे मी देते, मॅडम. महिन्याला थोडे थोडे." मला वाटलं, नको म्हणतील. त्या म्हणाल्या, "घेईन. माझे होते ते. पण आधी साहेबांना सांगा. मला पैशांपेक्षा ते हवंय."

साहेबांच्या केबिनमध्ये मी सात वर्षांत एकदाही गेले नव्हते. दारापर्यंत दोनदा जाऊन परत आले. तिसऱ्यांदा शिपाई म्हणाला, "काय मावशी, फेऱ्या मारताय? देऊळ हाय का?" त्यानेच दार उघडून मला आत ढकललं.

मी सगळं सांगितलं, जमिनीकडे बघून. साहेब मोबाईल बघत होते, मग तो त्यांनी खाली ठेवला.

"चार वर्षांनी?"

"व्हय."

"आता त्याचा काय उपयोग? ते गिऱ्हाईक गेलं, मॅडम गेल्या."

"मॅडमना काम मिळत नाय, साहेब. फोन इथे येतो. तुमी खरं सांगा फोनवर." एवढं बोलताना माझा आवाज इतका बारीक झाला की त्यांनी दोनदा विचारलं. मग त्यांनी नव्या लॅबसाहेबांना बोलावलं आणि राखेने घासल्यावर असं होऊ शकतं का ते विचारलं. ते म्हणाले, "होऊ शकतं म्हणजे काय, होणारच." साहेब बराच वेळ पेन उघडझाप करत राहिले. शेवटी म्हणाले, "कापलेले पैसे कंपनी परत देणार नाही. हिशेब बंद झालाय." मी म्हणाले, ते मी देते. मग त्यांनी वाटीचं रजिस्टर मागवून मॅडमच्या सहीखाली कारण लिहिलं आणि त्या पानाचा फोटो मॅडमना पाठवला. मला दुसऱ्या दिवसापासून लॅबमधून काढून कँटीनमध्ये टाकलं. पगार सहाशेने कमी झाला.

महिन्याला आठशे ठरले होते. ते मी रविवारी पनवेलच्या लग्नाच्या हॉलमध्ये भांडी घासून आणायची. तिथे तारेची घासणी आणि पावडर असते, राख नसते. दर महिन्याला करंजाड्याला जायचं, दोन जिने चढायचे. पहिले काही महिने मॅडम दारातच पैसे घ्यायच्या. मग चहा करायला लागल्या. आम्ही फार बोलत नव्हतो. मधल्या काळात त्यांना महाडकडे एका लॅबमध्ये काम मिळालं, तेव्हापासून त्या सुट्टीलाच घरी असायच्या. मी सुट्टी बघून जायची. एकदा तिकडची गोष्ट सांगता सांगता त्या हसल्या आणि मधेच थांबल्या. मी समोर आहे हे आठवलं असावं.

सगळं गेलं असं मी लिहिणार नाही. कँटीनच्या खिडकीतून लॅबची मागची भिंत दिसते. दुपारी जेवणं उरकली, सगळे आपापल्या जागी गेले की मला अजून हाक ऐकू येते, मावशी, आणि मी हात पुसून उठते. उठल्यावर कळतं.

गेल्या रविवारी चोविसावा हप्ता होता. मॅडमनी आठशे रुपये मोजले आणि भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे टाचलेला कागद काढला. त्यावर दर महिन्याची तारीख त्यांच्या बारीक अक्षरात होती. शेवटची तारीख लिहून त्यांनी खाली बेरीज केली, माझ्यासमोर पुन्हा एकदा तपासली आणि म्हणाल्या, "एकोणीस हजार दोनशे. पूर्ण झाले, मावशी." कागदाची घडी करून त्यांनी माझ्या हातात दिली.